तैवानवाले पाटणकरकाका

आमच्या बेडोक वस्तीतल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, तैवान रोज सकाळी स्वतंत्र होतो. तो करतात पाटणकरकाका. टोस्ट येईपर्यंत घोषणा झालेली असते, दुसरा चहा संपेपर्यंत जगातल्या बऱ्याच देशांनी मान्यता दिलेली असते, आणि मग काका टिशूने मिशी पुसून कोथिंबीर आणायला जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

काका मूळचे साताऱ्याकडचे. जहाजातल्या मालाच्या विम्याचे दावे तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. भिजलेला चहा, गंजलेले सायकलचे भाग, वाटेत पिकून फुटलेले फणस, असल्या गोष्टी कुणाच्या चुकीने झाल्या हे ते ठरवत. आता निवृत्त आहेत, पीआर म्हणजे इथले कायमचे रहिवासी आहेत, आणि काकूंबरोबर आमच्याच ब्लॉकमध्ये राहतात, माझ्या दोन मजले वर. तैवानला ते आयुष्यात एकदाही गेलेले नाहीत. चिनी भाषा त्यांना येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांचं बोलणं ऐकून लोकांचा समज होतो की हा माणूस तिथल्या मंत्रिमंडळातून थोडक्यात हुकला.

आमची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. मी पुण्याहून बँकेच्या नोकरीसाठी नुकतीच आले होते आणि फोनवर आईशी बोलत होते. समोर हिरवा टी-शर्ट, हिरवी टोपी, हिरव्या पट्ट्यांच्या सपाता आणि हातात हिरवी छत्री असे एक गृहस्थ उभे. माझा फोन संपायची त्यांनी सभ्यपणे वाट पाहिली.

"कुठल्या?"

"पुण्याची."

"वा. तैवानबद्दल काय मत आहे?"

मी गांगरून म्हटलं, चांगलं आहे. ते म्हणाले, चांगलं म्हणजे काय, देश आहे की प्रांत? तेवढ्यात माझा मजला आला. मी बाहेर पडले तर त्यांनी छत्रीने दार अडवलं आणि म्हणाले, "विचार करून सांग. घाई नाही."

हिरव्या रंगाचा उलगडा मला पुढे झाला. तैवानात ढोबळमानाने दोन पक्ष पडतात. हिरवे म्हणतात, आम्ही वेगळे आहोत आणि वेगळेच राहणार. निळे म्हणतात, चीनशी असलेलं जुनं नातं तोडू नका, बोलणं चालू ठेवा. त्यांच्यातले काही तर उद्या एकत्र यायचीही आशा धरून असतात. तिथले लोक हे रंग निवडणुकीपुरते वापरत असतील. काकांनी ते अंगाला लावून घेतले होते. घरातली निळी बादली त्यांनी कुणाला तरी देऊन टाकली. काकूंची निळी पैठणी तेवढी वाचली, कारण काकूंनी त्या विषयावर चर्चा होऊ दिली नाही.

सगळ्यात कहर म्हणजे एमआरटी, इथली मेट्रो. इथे प्रत्येक मार्गाला एक रंग आहे. बेडोक स्टेशन हिरव्या मार्गावर, ते काकांना मंजूर. पण थोडं उत्तरेला गेलं की निळा मार्ग लागतो, आणि त्या गाडीत काका पाय ठेवत नाहीत. एकदा लिटल इंडियाला कढीपत्ता आणि गुळाची ढेप आणायला ते आणि त्यांचे मित्र मिस्टर वांग एकत्र निघाले. एकत्र म्हणजे एकाच वेळी. वांग निळ्या गाडीने थेट पोचले. काका हिरव्या गाडीने पार भलतीकडे गेले, तिथून जांभळी गाडी पकडली आणि घामाघूम होऊन उगवले, तोवर वांगांनी गूळ घेऊन ठेवला होता. परतीला दोघांनी बस धरली. बस लाल होती, त्यामुळे तिच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

हे मिस्टर वांग म्हणजे काकांचे रोजचे प्रतिस्पर्धी. सत्तरीचे, शिडशिडीत, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ऐन तरुणपणी एका चिपच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून तैवानहून इथे आले आणि राहून गेले, पण पासपोर्ट मात्र तैवानचाच ठेवला. त्यांची बायको मी इथे येण्याआधीच वारली होती. काका तिचा उल्लेख "वांगवहिनी" असा करत. मुलगा कॅनडात. वांग आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एकटे राहत.

वांग पक्के निळे. त्याला कारण होतं. त्यांचे वडील चीनमधल्या यादवीत हरलेल्या सैन्याबरोबर समुद्र ओलांडून तैवानला आले होते, स्वतःच्या आईला गावात एकटी सोडून. पुढच्या वर्षी परत जाऊ, असं ते दर नववर्षाला म्हणत. जायची परवानगी मिळाली तोपर्यंत गावात आईचं थडगंसुद्धा सापडेना. म्हणून वांगांचं म्हणणं साधं होतं. घर एकच आहे, भांडण झालंय, मिटेल.

यावर काका टेबलावर बोट आपटत. त्यांचं प्रत्येक वाक्य "मुद्दा असा आहे की" पासून सुरू होई. इंग्रजीतही ते "पॉइंट इज लाइक धिस" म्हणूनच तोंड उघडत. मुद्दा असा आहे की पंचाहत्तर वर्षं ज्यांची चूल वेगळी, दारावरची पाटी वेगळी, ते एका घरातले कसे? मुद्दा असा आहे की सातबारा कुणाच्या नावावर आहे? हा सातबारा इंग्रजीत कसा सांगायचा हे न सुचल्यामुळे काकांनी तो तसाच ठेवला होता, आणि वांगही आता तो शब्द वापरत. सकाळी सकाळी कॉफीचे कप मधे ठेवून एक तैवानी गृहस्थ "सातबारा तुझ्याकडे नाहीच, लाह" असं इथलं शेपूट लावून तावातावाने सांगतोय, हे दृश्य आमच्या हॉकर सेंटरखेरीज पृथ्वीवर कुठेही दिसणार नाही.

शनिवार-रविवारी मीही त्यांच्या टेबलावर बसायला लागले. काका पहाटेच येऊन तीन खुर्च्यांवर टिशूची पाकिटं ठेवून जागा अडवत. एकदा मी धीर करून म्हटलं की आहे तसंच चालू राहिलं तर काय बिघडलं? तिथल्याही पुष्कळ लोकांना म्हणे तेच हवंय. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. वांग म्हणाले, ही बँकेत आहे ना, म्हणून असं बोलते. काका म्हणाले, हिला अजून लिफ्टमधल्या प्रश्नाचं उत्तर देता आलेलं नाही. एवढ्या वर्षांत त्या दोघांचं ज्यावर एकमत झालेलं मी पाहिलं, ती गोष्ट म्हणजे मला काही कळत नाही.

आमच्या मंडळाच्या गणपतीत काकांना आभार मानायला उभं केलं होतं. मांडववाले, मोदकवाल्या भगिनी, सगळ्यांचे आभार झाले, आणि मग काका म्हणाले, मुद्दा असा आहे की आज आपण इथे निर्धास्त आरती म्हणतोय, पण ज्यांच्या डोक्यावरून रोज विमानं जातात त्यांचं काय. पुढचा पाऊण तास तैवानचा होता. पुढच्या वर्षीपासून आभार काकूंकडे आले.

हे सगळं गमतीचं होतं. एका सकाळी मात्र मला काकांचा राग आला.

तैवानच्या भोवती चीनने पुन्हा लष्करी सराव सुरू केल्याची बातमी होती. वांगांची बहीण तिकडे ताइचुंगला असते. तिला ते सारखा फोन लावत होते. फोन लागला, ती बाजारात होती आणि मासे ताजे नाहीत म्हणून वैतागली होती. तरी फोन ठेवल्यावर वांगांनी लगेच पुन्हा बातम्या उघडल्या. मला वाटलं, आज तरी काका गप्प बसतील. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बघ तुझा भाऊ. दरवर्षी बांध कोरत पुढे सरकतोय. ह्याच्याशी तुला एका ताटात जेवायचंय?"

वांग भडकले. अगदी लाल झाले. म्हणाले, तुझ्या हिरव्यांनीच डिवचलं म्हणून ही वेळ आली. मग जे जुंपलं ते शेजारच्या टेबलावरची चिनी आजोबांची पंगतसुद्धा पेपर खाली ठेवून ऐकत बसली.

मी संध्याकाळी वर जाऊन काकूंना सांगितलं की काकांना जरा आवरा. तो माणूस एकटा आहे, घाबरलेला आहे, आणि काका त्याला टोचत बसतात. काकू शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी माझ्यापुढेही चार शेंगा सरकवल्या. म्हणाल्या, "बोलू दे गं ह्यांना." बस, एवढंच. मला ते जरा कोरडं वाटलं.

त्यानंतरच्या जानेवारीत तैवानात निवडणूक आली. तिथे पोस्टाने मत देता येत नाही. परदेशी राहणाऱ्यांना स्वतः जाऊनच शिक्का मारावा लागतो. वांग दर निवडणुकीला जात. निघताना काकांनी त्यांना हवाईअड्ड्याच्या बसपर्यंत सोडलं आणि शेवटपर्यंत बजावत राहिले की तुझं मत वाया जाणार आहे, निदान स्वेटर तरी जाड घे.

मतदानाच्या संध्याकाळी मी काकांकडे गेले. तिथे मतमोजणी लगेच त्याच दिवशी होते. एकेक मतपत्रिका वर धरून दाखवतात आणि मोठ्याने पुकारतात. टीव्हीवर ते चाललं होतं. काकांचे हिरवे पुढे होते. मला वाटलं होतं पेढे असतील, निदान आरडाओरडा. काका चिनी अक्षरांकडे बघत बसले होते. मी म्हटलं, काका, तुमचे जिंकताहेत. ते म्हणाले, हो का? मग थोड्या वेळाने म्हणाले, "तिकडे थंडी फार आहे म्हणतात. ह्याच्या छातीला कफ होतो." आणि उठून तुळशीला पाणी घालायला गेले. काकूंनी टीव्ही बंद केला.

वांग नसलेले ते दिवस काका हॉकर सेंटरला आले खरे, पण टेबल न अडवता. चहा उभ्याने प्यायचे आणि भाजीला जायचे. तैवान त्या आठवड्यात स्वतंत्र झालाच नाही.

रविवारी वांग आले. अननसाच्या केकचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला, माझ्याकडे सरकवला. काका तयारीतच होते. म्हणाले, मुद्दा असा आहे की हरलास.

वांग म्हणाले, "मी हरलो नाही."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. मतदान त्यांच्या जुन्या शाळेतच असतं. दर वेळी ते आणि त्यांची बायको दोघं विमानाने जात, एकाच रांगेत उभे राहत, आणि एकमेकांची मतं रद्द करून परत येत. ती हिरवी होती, कट्टर. रांगेत एकमेकांशी बोलायचं नाही असा करार असे. मागच्या वेळी ते एकटे गेले होते आणि डोकं खाली घालून शिक्का मारून बाहेर आले होते. या वेळी यादीवर सही करताना वरचं-खालचं वाचलं. त्यांच्या नावाखाली जिथे तिचं नाव असायचं, तिथे शेजाऱ्यांच्या मुलाचं होतं. पडद्याआड ते शिक्का हातात धरून उभे राहिले. त्यांना वाटलं, माझं मत द्यायला मी आहे. तिचं कोण देणार?

"म्हणून तिचं दिलं," वांग म्हणाले. "तेव्हा पाटणकर, तू जिंकलास. आता भांडायचं काही उरलं नाही."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. समोर टोस्ट होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी काकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी समोरचा शरण आलाय म्हटल्यावर माणूस निदान हसेल. काकांचा चेहरा उतरला होता. त्यांनी चहा ढवळला. ढवळलेला पुन्हा ढवळला. मग खुर्ची पुढे ओढली.

"मुद्दा असा आहे की," काका म्हणाले, "तू फार मोठी चूक केलीस."

वांगांना कळेना. मलाही कळेना.

काका सुरू झाले. म्हणाले, भाऊ मोठा आहे, तापट आहे, दारात उभा आहे. अशा वेळी तोंडावर दार लावून घेणं हा शहाणपणा नाही. बोलणी नको करायला? उद्या भडका उडाला तर मरणार कोण, भाषणं करणारे की तुझी बहीण? आणि ज्याची आई पलीकडे राहिली त्या माणसाच्या मुलाने असा शिक्का मारावा?

"ही माझी वाक्यं आहेत," वांग म्हणाले.

"मग? चांगली आहेत. तुला उत्तर सुचत नाही का?"

वांगांची मान ताठ झाली. ते म्हणाले, तू कोण मला माझ्या आईबापांचं सांगणारा. आणि माझ्या सासरचं काय? त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या बायकोचा एक मामा शाळामास्तर होता. त्याच हरून आलेल्या सैन्याने लादलेल्या लष्करी कायद्याच्या काळात एका संध्याकाळी त्याला चौकशीला नेलं आणि तो परत आला नाही. तिच्या आजीने पुढे जन्मभर जेवताना एक वाडगा जास्त मांडला. शाळेत घरची बोली बोलली म्हणून बायकोच्या गळ्यात पाटी अडकवली होती. "ती म्हणायची, आधी तुमच्या लोकांनी येऊन आम्हाला सांगितलं आम्ही कोण. आता पलीकडचे सांगणार. आम्हाला कुणी विचारणार आहे की नाही?" हे सांगताना वांगांचा आवाज चढला होता. "आणि ती भांडताना टेबलावर अशी पळी आपटायची. अशी." त्यांनी चमचा आपटला. काकांनी मान हलवून म्हटलं, पळी आपटल्याने मुद्दा सिद्ध होत नाही. वांगांनी टोस्टचा मोठा घास घेतला आणि भरल्या तोंडाने उत्तर द्यायला लागले.

दुपारी मी अननसाच्या केकमधले निम्मे घेऊन वर गेले. काका झोपले होते. मी काकूंना सकाळचं सगळं सांगितलं आणि विचारलं की काका नक्की कोणत्या बाजूचे आहेत.

काकू हसल्या. "ह्यांना तैवान नकाशात कुठे आहे ते ठाऊक नव्हतं गं."

मग त्या सांगत गेल्या. वांगवहिनी त्यांची मैत्रीण. दोघी मंडईत भाजी घ्यायला बरोबर जात, मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत. नवऱ्याशी सकाळी काय भांडण झालं ते वहिनी रोज सांगे, आणि भांडणात आपण काय म्हणालो ते अभिनयासकट. ती गेली तेव्हा वांग महिनोन्‌महिने हॉकर सेंटरला येऊन नुसते बसत. समोरचं खाणं तसंच गार होई. काका शेजारी बसून हवापाणी, क्रिकेट, गुडघेदुखी असे सगळे विषय काढून बघत. वांग हो म्हणत आणि गप्प होत.

"एक दिवस ह्यांनी येऊन मला विचारलं, वहिनी ह्याच्याशी कशावरून भांडायची? मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे तिथे जाऊन म्हणाले की तैवान हा देश आहे. वांग उसळलाच. एवढा चिडला, एवढा चिडला, की चिडता चिडता टोस्टबरोबरची दोन्ही अंडी खाल्ली." काकूंनी केकचा तुकडा मोडला. "तेव्हापासून रोज संध्याकाळी हे माझ्याकडून वहिनीचं बोलणं पाठ करून घेतात. मुद्दा असा आहे की, हे तेवढं ह्यांचं."

आतून खोकल्याचा आवाज आला आणि काका उठून बाहेर आले. आम्हा दोघींचे चेहरे पाहून त्यांना काय झालं ते कळलं असावं, कारण ते उगाचच छताच्या पंख्याकडे बघायला लागले.

मी विचारलं, "काका, तुमचं स्वतःचं मत काय आहे?"

"माझं?" ते खुर्चीत बसले. "ते तिथल्या लोकांनी ठरवायचं. त्यांना राहायचंय तिथे. मी कोण?" मग खुर्ची माझ्याकडे सरकवून, काकूंना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "पण मेधा, माझी पंचाईत झाली आहे. हिला फक्त वहिनीची बाजू येते. निळ्यांचं म्हणणं आज मी जेवढं आठवलं तेवढं बोलून टाकलं. उद्याला काहीच नाही. तू पेपर वाचतेस. जरा बस, आणि मला नीट समजावून सांग."

काकूंनी चहा टाकू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं आणि बसले.